पत्र्याची ट्रंक : घरी शिकणाऱ्या नव्या घरांसाठीच्या कामाच्या नोंदी

१५ जून २०२४, कर्वेनगर

आज शाळा उघडल्या. सकाळपासून खाली व्हॅनचे हॉर्न, नवे रेनकोट, पहिलीतल्या कुणाचं तरी टिपेला गेलेलं रडणं. आमची दोघं गॅलरीच्या कठड्याला टेकून हे सगळं मिरवणुकीसारखं बघत होती. थोरली अकरा, धाकटा आठ. घरी शिकण्याचं आमचं हे पाचवं वर्ष.

दर वर्षी याच आठवड्यात फोन सुरू होतात. "तुमचा नंबर अमक्यांनी दिला. आम्हीही शाळा सोडायचा विचार करतोय, काही माहिती मिळेल का?" मग मी त्यांना यादी पाठवते. आम्ही, सहकारनगरच्या ताई आणि औंधचं जोडपं अशा तीन घरांनी मिळून वाढवलेली ही एक्सेल शीट आहे. आता तिच्यात १४३ ओळी झाल्यात : संकेतस्थळं, ॲप, पुस्तकं, शिबिरं, क्लास. काल सहकारनगरच्या ताईंनी सरळच विचारलं, "अगं, यातलं कुणी काही वापरलंय का?" मी गेल्या वर्षीच्या दोन घरांना फोन लावला. एका घरानं ती उघडलीच नव्हती. दुसऱ्या घरच्या आईनं उघडली होती, पण घाबरून बंद केली आणि नवऱ्याला म्हणाली, "हे आपल्याला जमणार नाही."

म्हणजे पाच वर्षं आम्ही लोकांना घाबरवत होतो.

ठरलं : यादी बंद. त्याऐवजी एक ट्रंक. ती नव्या घरी तीन आठवडे राहील, मग पुढच्या घरी जाईल. सोबत एकच कागद, पाठपोट. त्यात न मावलेलं बाद. माळ्यावरून सासऱ्यांची जुनी ट्रंक काढली. त्यांच्या बदलीच्या नोकरीतली, झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं नाव अजून शाबूत. आत दोन गोधड्या आणि १९९४ चं पंचांग.

१९ जून

प्रश्नांची वही सुरू केली. फोनवर लोक जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत, सुधारणा न करता.

"दाखला काढायचा की राहू द्यायचा?" "पोलीस वगैरे येतात का हो?" "सिलॅबस कोणता घेऊ?" "माझं इंग्रजी कच्चं आहे, मी शिकवू शकेन का?" "दिवसभर घरात राहिला तर एकलकोंडा होणार नाही?" "सासूबाईंना काय सांगू?" आणि सगळ्यात जास्त वेळा : "दहावीचं काय?" हे विचारणाऱ्या कालच्या बाबांचा मुलगा पाच वर्षांचा आहे.

आमच्या १४३ ओळींत यातल्या फक्त सिलॅबसच्या प्रश्नाला उत्तर होतं. लोकांना भीती होती कागदांची आणि माणसांची, आणि आम्ही त्यांच्यापुढे ॲप ठेवत होतो.

२४ जून

कागदाची पहिली बाजू लिहायला बसलो. औंधचे दादा वकील नाहीत, पण वाचणारे आहेत. शिक्षण हक्क कायद्याची प्रत घेऊन आले आणि पेन्सिलीनं खुणा करून चार गोष्टी काढल्या.

कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. घरी शिकवण्याबद्दल त्यात अक्षर नाही, बाजूनं नाही आणि विरुद्धही नाही. कलम १० म्हणतं की मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. मात्र ते न केल्यास पालकाला दंड किंवा शिक्षा अशी तरतूद त्या कायद्यात नाही. कलम ४ : वर्ष वाया गेलेल्या किंवा शाळेतच न गेलेल्या मुलाला वयानुसार योग्य त्या वर्गात प्रवेश मिळतो. हे कलम ठळक करायचं असं मी म्हटलं. दादा म्हणाले, "आपण सोडणाऱ्यांसाठी लिहितोय, परतणाऱ्यांसाठी नाही." माझं मत वेगळं होतं. परतीची वाट माहीत असली की माणूस शांतपणे निघतो. शेवटी ठळक केलं.

आम्ही जे लिहिणार नाही तेही ठरलं : "हे पूर्णपणे कायदेशीर आहे, निश्चिंत राहा." कायद्यानं हा प्रश्न मोकळा सोडलाय आणि मोकळ्या जागेत पाऊल जपून टाकायचं, एवढंच खरं आहे.

दाखल्याबद्दल मात्र मी जोर दिला. आमच्या वेळी शाळेनं उरलेल्या फीच्या नावाखाली शाळा सोडल्याचा दाखला दोन महिने अडकवला होता. मी रोज अकरा वाजता ऑफिसच्या बाकावर जाऊन बसायचे. शेवटी शिपाईमामांनाच माझी दया आली. म्हणून कागदावर लिहिलं : अर्ज लेखी द्या, पोच घ्या, दाखल्यावरचं नाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी तिथेच उभं राहून ताडून बघा. मूळ प्रत लॅमिनेट करू नका, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. पुढे राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसायचं झालं तर १७ नंबरच्या फॉर्मसोबत हाच कागद मागतात.

१ जुलै

माउली आणि तुकोबांच्या पालख्या मुक्कामाला. काल लक्ष्मी रस्त्यावर तीन तास उभं राहून धाकट्याला दोन प्रश्न पडले : एवढ्या लोकांची पोळी-भाजी कोण करतं, आणि चप्पल तुटली तर वारकरी काय करतो? दुसऱ्याचं उत्तर एका चांभारकाकांनी प्रात्यक्षिकासह दिलं. पैसे घेतले नाहीत.

खरेदी त्याआधीच उरकली. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं, बोहरी आळीतून ट्रंकेला नवी कडी. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब हा आमचा आवडता संच. काड्यांचं टोक ट्यूबच्या तुकड्यात खुपसून त्रिकोण, चौकोन, घन बनवायचे. त्रिकोण ढळत नाही आणि चौकोन लुळा पडतो, हे मुलाला बोटांनी कळतं. अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोत इंजिनिअर होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले, तिथल्या दिवसांतली ही कल्पना. गंमत म्हणजे सायकलींच्या या शहरात व्हॉल्व्ह ट्यूब मिळायला तिसरं दुकान गाठावं लागलं. दुकानदार म्हणाला, "गिअरच्या सायकली आल्या, ही आता मागतं कोण?" मी दोन मीटर घेतली.

ट्रंकेत आता ६८ वस्तू. मला जास्तच वाटतायत. औंधच्या वहिनींना कमी.

१२ जुलै

महापालिकेच्या शाळेतल्या एक बाई शाळाबाह्य मुलांच्या पाहणीसाठी दारात. दुपारचे बारा, दोन्ही मुलं घरात, जमिनीवर पसरलेला पुठ्ठा. पळवाट नव्हतीच. मी बसायला सांगितलं, पाणी दिलं, वह्या दाखवल्या. बाईंनी धाकट्याला सतराचा पाढा विचारला. तो अडखळला, पण सतरा दाही एकशे सत्तर माहीत असल्यानं उलटा मोजत आला. बाई हसल्या.

मग म्हणाल्या, "मी २०१५ च्या पाहणीतही होते. ४ जुलैला, एका दिवसात सगळं राज्य. मुलांच्या बोटाला शाई लावत फिरलो होतो. वीटभट्टीवरची, सिग्नलवरची मुलं. त्यांना शाळेत आणायला आम्ही जिवाचं रान करतो ताई, आणि तुम्ही मुलं बाहेर काढता."

मला उत्तर सुचलं नाही. आत्ता लिहितानाही सुचत नाहीये. त्या जिना उतरून गेल्यावर थोरली म्हणाली, "त्या चिडल्या नव्हत्या गं, दमल्या होत्या." बाईंचं वाक्य प्रश्नांच्या वहीत लिहून ठेवलं. कागदावर भर : पाहणीला कुणी आलं तर लपवाछपवी करू नका, मुलांच्या वह्या हाताशी ठेवा, तारखा घालत जा.

१४ जुलै

ट्रंक पहिल्या घरी गेली. सिंहगड रस्ता, नदीकडची सोसायटी, तळमजला. मुलगा नऊ वर्षांचा, मार्चमध्ये शाळा सोडलेली. भिंतीवर वेळापत्रक : आठ ते साडेआठ गणित, साडेआठ ते नऊ इंग्रजी, असं थेट एक वाजेपर्यंत. मधल्या सुट्टीची घंटासुद्धा, मोबाइलवर. म्हणजे शाळा सोडली आणि घरात आणून बसवली. मुलगा सोफ्यामागे.

मी काही बोलले नाही. पहिल्या वर्षी आमच्याकडेही भिंतीवर असंच होतं, फक्त रंगीत.

२५ जुलै

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं आणि पहाटे सिंहगड रस्त्याच्या नदीकाठच्या सोसायट्यांत शिरलं. सहा वाजता फोन : "आम्ही वर शेजाऱ्यांकडे आहोत, सगळे सुखरूप. ताई, ट्रंक खालीच राहिली." मी म्हटलं, ट्रंक गेली चुलीत.

२८ जुलै

मदतीला गेलो. गाळ, फिनाइलचा वास, जिन्याच्या कठड्यावर वाळत घातलेली कागदपत्रं. दाखला आणि जन्मदाखला प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होते म्हणून वाचले. त्या माउलीनं ते मला उंच धरून दाखवलं. ट्रंक पत्र्याची असूनही कडीच्या फटीतून पाणी गेलं होतं. पुस्तकं फुगून एकमेकांना चिकटलेली. पंधराएक वस्तू उरल्या : भिंग, मेजर टेप, तराजू, फासे, व्हॉल्व्ह ट्यूब. काड्या अर्थातच गेल्या.

मुलगा गाळात मेजर टेप घेऊन भिंतीवरची पाण्याची रेघ मोजत होता. तीन खोल्यांत तीन ठिकाणी. "सगळीकडे सारखी यायला पाहिजे ना? पण स्वयंपाकघरात चार सेंटिमीटर कमी आहे." मग त्याला सुचलं की स्वयंपाकघराची फरशीच उंच असेल. वेळापत्रक भिंतीवरून निघून कुठे गेलं, हे कुणी विचारलं नाही.

४ ऑगस्ट

तिन्ही घरं जमलो. परत काय घ्यायचं? औंधच्या वहिनींनी ६८ वस्तूंची यादी पुढे ठेवली. सहकारनगरच्या ताई म्हणाल्या, "यादी ठेव बाजूला. त्या घरानं अकरा दिवसांत काय उघडलं होतं, ते विचारू."

विचारलं. उघडलेल्या गोष्टी अशा : काड्या-ट्यूब, मेजर टेप, भिंग, पत्त्यांचा कॅट, 'किशोर'चे जुने अंक आणि तो एक कागद. आठ वर्कबुकं, दोन संच फ्लॅशकार्डं, वैदिक गणिताचं जाडजूड पुस्तक आणि विज्ञानाचं महागडं किट जसंच्या तसं भिजून गेलं. त्यांची आठवणही कुणाला आली नाही. किट माझ्या आग्रहाखातर घेतलं होतं, हे इथे नोंदवून ठेवते.

नवी ट्रंक २१ वस्तूंची. 'किशोर' बालभारतीचं मासिक, १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. छापील अंक मात्र ट्रंकेत हवेतच. पडून राहिलेला अंक मूल कधीतरी उचलतं, पडून राहिलेली लिंक कुणी उचलत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही पीडीएफमध्ये मोफत आहेत, म्हणून ती ट्रंकेत ठेवायची नाहीत. एक अपवाद : २०२३ मध्ये दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत काढली गेली, त्यातला चौथीचा एक भाग नमुन्याला. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून केलेली ही पातळ पुस्तकं नवख्या पालकांचीही छाती दडपू देत नाहीत, असा माझा अंदाज.

२० ऑगस्ट

ट्रंक हडपसरला. आई नर्स, पाळ्या बदलत्या. बाबा दुबईत. मुलगी सात वर्षांची, घरात आजी. मी गृहीत धरलं होतं की असं घर हे करूच शकणार नाही. पण त्यांचं सगळं बसवलेलं आहे : सकाळी आजीबरोबर भाजी आणि हिशोब, आई ज्या वेळी घरी असेल त्या वेळी वाचन. दिवसाला दीड-दोन तास. बाकी वेळ मुलगी मुलीचं काय ते करते.

अडचण इंग्रजीची. "मी मराठी शाळेत शिकले. औषधांची नावं सोडली तर माझं इंग्रजी यथातथाच." इथे मात्र एक संकेतस्थळ खरंच कामाला आलं : प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. फुकट चित्रकथा, वाचनाच्या पातळ्यांनुसार लावलेल्या, आणि कितीतरी गोष्टी मराठी-इंग्रजी दोन्हींत. आधी मराठीतून वाचायची, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीतून. गोष्ट ठाऊक असल्यानं शब्द अडत नाहीत. खुल्या परवान्यामुळे छापून घरी ठेवायलाही हरकत नाही. आई म्हणाली, "म्हणजे मी पण शिकेन की." मी आल्यापासून तेव्हा पहिल्यांदा ती खुर्चीत नीट टेकून बसली.

आजींचा प्रश्न वेगळाच. नात 'सिक्स्टी थ्री' म्हणते, त्रेसष्ट तिला कळत नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन'सारखी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मंगला नारळीकर अध्यक्ष असलेल्या समितीचं म्हणणं साधं होतं : तेवीस बोलताना तीन आधी येतो आणि लिहिताना दोन आधी, मूल गोंधळतं. मी आजींना म्हटलं, तुम्ही दोन्ही म्हणा, 'साठ तीन, त्रेसष्ट'. आजी म्हणाल्या, "मी त्रेसष्टच म्हणणार. भाजीवाला साठ तीन म्हणत नाही." यावर माझ्याकडे काही नव्हतं.

पहिले महिने काहीच न शिकवता मोकळे सोडावेत, शाळेच्या प्रत्येक वर्षामागे एक महिना, असा आडाखा होमस्कूलिंगवाल्यांत फिरतो. डीस्कूलिंग म्हणतात. मला त्यातला हिशोब पटत नाही, मूल काही प्रीपेड कार्ड नाही. पण मूल "आज काय करू?" हे विचारायचं थांबेपर्यंत आपण थांबावं, एवढं पटतं. कागदावर तसंच लिहिलं.

११ सप्टेंबर

गौरीजेवण. दिराकडे पंचवीस पानं. पुरणपोळीवर तूप पडतंय तोच नणंदेचे सासरे : "ते सगळं ठीक आहे हो, पण दहावीचं काय?"

यंदा मी तयारीत होते. कागदाची मागची बाजू तोंडपाठ आहे. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. केंद्र सरकारची, १९८९ पासून, प्रादेशिक केंद्र पुण्यातही आहे. दहावीच्या नोंदणीला वय १४ पूर्ण लागतं. आधीच्या शाळेचा कागद नसला तर 'दहावीचा अभ्यास पेलण्याइतकं शिकलो आहे' अशी स्वयंघोषणा चालते. पाच विषय, त्यात किमान एक भाषा, आणि मराठी माध्यमातूनही देता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं टिकते, नऊ संधी मिळतात, पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. म्हणजे पाचही विषय एका दमात द्यावे लागत नाहीत. गणिताची सक्ती नाही, चित्रकला, गृहविज्ञान, मानसशास्त्र असे विषयही आहेत.

"आणि पुढे? इंजिनिअरिंग? मेडिकल?" दोन्हीकडे मुक्त विद्यालयाची बारावी चालते. नीटबद्दल वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले, आता तो दरवाजा उघडा आहे. अर्थात ज्याला जेईई द्यायचीय त्यानं गणित सोडून कसं चालेल, हेही सांगितलं. दुसरे रस्ते : राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, त्याला पाचवी आणि आठवीचीही सोय आहे. १७ नंबरचा फॉर्म आहे. केंब्रिजच्या परीक्षा बाहेरून देता येतात, पण बाहेरचा विद्यार्थी घेणारं केंद्र शोधावं लागतं आणि खर्च बराच.

सासरेबुवा गप्प झाले. मग म्हणाले, "हे सगळं छापील आहे का?" कागद दिला. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. संध्याकाळी नणंदेचा फोन : "बाबा तुझा कागद सोसायटीत दाखवत फिरतायत. आमच्या इथे ही सोय आहे म्हणून."

कागदात एक दुरुस्ती : सगळ्यात वर मोठ्या अक्षरात, 'मूल दहा वर्षांपेक्षा लहान असेल तर ही बाजू तूर्त वाचू नका. फक्त आजी-आजोबांना वाचायला द्या.'

४ ऑक्टोबर

काल मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. धाकटा : "म्हणजे मराठीचं शुद्धलेखन आता सोपं होणार का?" नाही म्हटल्यावर त्याला त्या बातमीत रस राहिला नाही.

१८ ऑक्टोबर

'कुठे जायचं' हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून इथे जरा ऐसपैस लिहिते.

घरी शिकणाऱ्यांकडे पैशानं न मिळणारी एक गोष्ट आहे, मंगळवारची सकाळ. रविवारी राजा केळकर संग्रहालयात माणसांच्या पाठी बघाव्या लागतात. आडवारी गेलं तर एकेका अडकित्त्यापुढे पाच-पाच मिनिटं उभं राहता येतं. आमचा नियम : एका फेरीत एकच दालन आणि एकच वस्तू कागदावर काढायची. थोरलीनं मागच्या महिन्यात एक दिवा काढला, मग घरी येऊन विचारलं की तेल संपत आलं की पूर्वी कळायचं कसं. त्या प्रश्नावर आमचे चार दिवस गेले. वर्कबुकात हे येत नाही.

जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वर लेणी, आठव्या शतकातली. रहदारीपासून दोन मिनिटांवर एकाच खडकातून कोरलेला गोल नंदीमंडप. मुलांना सांगायचं की हे बांधलेलं नाही, उरवलेलं आहे. मग तोच बेसॉल्ट वेताळ टेकडीच्या खाणीत दाखवायचा. विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था, तिथली मुक्तांगण विज्ञान शोधिका. इमारतीचं नाव 'पुलस्त्य' : सप्तर्षींतला एक तारा, आणि पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीची आठवणही. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आयुका सगळ्यांना खुली असते. एरवी आधी फोन करून विचारायचं. 'शाळेचं नाव काय?' असं विचारलं तर घाबरू नका, 'घरी शिकतो' म्हणा. आम्हाला अजून कुणी हाकललेलं नाही.

वाचनालय : पुणे नगर वाचन मंदिर, स्थापना १८४८. त्याच वर्षी भिडे वाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. मुलींची शाळा आणि वाचनालय, एकाच साली. थोरलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तेव्हाच्या मुलींनी दोन्हीकडे नाव घातलं असतं." मला ते फार आवडलं, पण घालू दिलं असतं का, हा पुढचा प्रश्न तिच्यावर सोडला.

शाळेच्या बोनाफाइडशिवाय देता येणाऱ्या परीक्षांत गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताच्या परीक्षा येतात. मुलांना परीक्षेची चव हवीच असेल तर ही बरी. शालेय क्रीडा स्पर्धा मात्र शाळेशिवाय नाहीत. आमच्या धाकट्याला खो-खोचं वेड आहे. हे दुखणं आहे आणि त्यावर औषध नाही. नव्या घरांपासून लपवायचं नाही.

२६ ऑक्टोबर

बाणेरच्या एका नव्या घराची सूचना : आपण दहा-बारा मुलं रोज एकाच फ्लॅटवर जमवू, दोन शिक्षक ठेवू, फी वाटून घेऊ. ऐकायला छान. औंधच्या दादांनी पुन्हा कायदा काढला. कलम १८ : मान्यता न घेता शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड. पालकाला कायद्यात शिक्षा नाही, पण विनामान्यता शाळा चालवणाऱ्याला आहे. रोजची ठरलेली वेळ, पगारी शिक्षक आणि फी असलं की आपण 'शाळा नाही' म्हणून कुणाला सांगणार? आम्ही शुक्रवारी टेकडीवर जमतो, आपापले डबे घेऊन. तेवढंच ठेवायचं.

बाणेरचं घर नाराज झालं. ट्रंक नको म्हणाले.

२२ नोव्हेंबर

सिंहगड रस्त्याचा मुलगा परत शाळेत गेला. दिवाळीनंतर, जवळच्या मराठी शाळेत, पाचवीत. पुराच्या खर्चानं आईला पूर्ण वेळ नोकरी धरावी लागली आणि मुलालाही मित्र हवे होते. कलम ४ चा कागद घेऊन त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. तिथे कुणाला तो बघायचीही गरज पडली नाही, दाखला बघून चार दिवसांत नाव घातलं.

फोनवर त्या अपराध्यासारख्या बोलत होत्या, जणू आमची नोकरी सोडली. मी म्हटलं, "अहो, कागदावर आम्हीच लिहिलंय ना परतीचं." ठेवताना म्हणाल्या, "त्याला वर्गात मापनाचा धडा लागला. त्यानं बाईंना पुराच्या रेघेचं सांगितलं. बाईंनी सगळा वर्ग घेऊन मैदानाचा उतार मोजला."

औंधच्या वहिनींनी विचारलं, हे घर आपल्या हिशोबात जमेला धरायचं की खर्चाला? मी रकानाच खोडला.

१८ डिसेंबर

फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव. ट्रंकेसाठी तीन चित्रपुस्तकं घेतली, चौथं हातातून परत ठेवलं. एक आत गेलं की एक बाहेर, हा नियम मीच केलाय आणि मलाच जाचतो.

सध्या ट्रंकेत २३ वस्तू. कागद सहाव्यांदा छापला. हडपसरच्या नर्सताई आता फोन घेतात, मंगळवार आणि शनिवार, पाळी बघून. नव्या आयांना माझ्यापेक्षा त्यांचं बोलणं जास्त रुचतं, कारण त्या "आम्हालाही अजून जमत नाही" हे सहज म्हणतात. प्रश्नांची वही त्यांच्याकडे दिली. पहिल्या पानावर पाहणीच्या बाईंचं वाक्य आहे. त्यांनी विचारलं, याचं उत्तर काय द्यायचं? मी म्हटलं, तुम्हाला सुचलं तर लिहा, मी पाच महिने जागा कोरी सोडलीय.

ट्रंक रविवारी वारज्याला जाईल. जुळे, सहा वर्षांचे. चौथा मजला आहे, विचारून घेतलं. कडीखालच्या फटीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवायची राहिलीय, ती शनिवारपर्यंत.